आठ ठिकाणी एकच तळघर

बॅरो क्रीक, ओक्लाहोमा
१२ फेब्रुवारी

शेल्बी,

तुझे लांब बूट, निळा कोट आणि तुझ्या आईचा फोटो एका खोक्यात भरून विचिटाला जोलीन मावशीच्या पत्त्यावर पाठवलाय. फोटोची काच आधीपासूनच तडकलेली होती. हे आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या त्याचाही निबंध व्हायचा.

माझा फोन तू उचलत नाहीस. बापाचा उचलतेस, माझा कापतेस. म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाचशील हे मला ठाऊक आहे. तू नऊ वर्षांची असताना मी या घरात आले. आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकल्याशिवाय तुला चैन पडत नाही, एवढं तरी मला कळलंय.

काल तुझ्या मावशीचा फोन आला होता. तिला तुझा बाप हवा होता. डॅरेल गुरं भरून टेक्ससकडे गेलेला, म्हणून मी घेतला. तिला बोलायला कोणी तरी हवंच असतं.

"आमच्या शेल्बीनं कमाल केली हं," म्हणाली. "प्रवेशासाठी एकच निबंध आणि आठ कॉलेजं! मुद्दा तोच, शेवट तेवढा बदलायचा. एका ठिकाणी धैर्य, एका ठिकाणी क्षमा, एका ठिकाणी काय ते... स्वावलंबन. वेलर कॉलेजातली जागा तर पक्कीसुद्धा झाली. डोकं आहे पोरीला. आईवर गेलीय."

"कोणता गं निबंध?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"अगं, तोच."

तोच! तो निबंध मी पहिल्यांदा कुठे ऐकला ते तुला माहीत आहे, तरी सांगते. नोव्हेंबरात तू तो प्रुइट बाईंना तपासायला दिलास. शाळेच्या मार्गदर्शक बाई त्या. मुलाच्या लिखाणात असं काही वाचलं की वर कळवणं त्यांना भाग असतं, कायदाच आहे तसा. त्यांनी कळवलं. मग दुपारी, मी घरी चालवते त्या पाळणाघरातली सगळी पोरं जेवून झोपलेली असताना, बालकल्याण खात्याची बाई माझ्या दारात उभी राहिली. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलाशी बसून तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, "माझ्या सावत्र आईनं मला ओढत नेऊन तळघरात ढकललं. ती दाराला पाठ लावून बसली. मी ओरडत राहिले, दारावर नखं मारत राहिले, तरी तिनं मला बाहेर पडू दिलं नाही."

आतल्या खोलीत एक पोर उठून रडायला लागलं. मला त्याच्याकडे जायची परवानगी मागावी लागली. माझ्या घरात.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चौकशी संपेपर्यंत पाळणाघर बंद ठेवा म्हणाले. संपली चौकशी. त्या दिवशी वादळ होतं का, असं त्या बाईनं विचारलं तेव्हा, हो, होतं, असं तू सरळ सांगितलंस. खोटं बोलली नाहीस, हे मी मान्य करते. "तथ्य नाही" असा कागद आला. पण पोरं परत आली नाहीत. एकही नाही.

आणि मला वाटलं, आता तरी ही पोरगी तो निबंध बदलेल. तू काय केलंस? नाताळच्या सुट्टीत, माझ्या हातचे गरम बिस्किट-पाव आणि ग्रेव्ही खात खात तोच निबंध जसाच्या तसा पाठवून दिलास. मी विचारलं तर बॅग भरलीस आणि मावशीकडे गेलीस.

एकदा लिहिलंस, चूक म्हणाले असते. पण आठ वेळा? कापलेल्या डुकराचंही लोक एवढं काही वापरून घेत नाहीत.

मी गप्प बसणार नाही, एवढंच कळवायचं होतं.

डार्ला


बॅरो क्रीक
३ मार्च

शेल्बी,

तुझ्या निबंधात एकच शब्द नाही. वादळ. बाकी सगळं आहे. तर तो शब्द घालून मी सांगते, मीही होते तिथे.

मे महिना होता, तू तेरा वर्षांची. दुपारपासून आभाळाला जुन्या मुक्या मारासारखा हिरवट-पिवळा रंग आलेला. वादळाचा भोंगा वाजला तेव्हा माझ्याकडे चार पोरं होती, त्यातलं एक रांगणारं. त्याला काखेत मारलं, बाकीच्यांना एकमेकांची बोटं धरायला लावली आणि अंगणातल्या तळघरात उतरवलं. वळून बघते तर तू नाहीस.

कुंपणापलीकडच्या शेडमध्ये तुझ्या कुत्र्याला, वॅफलला घेऊन रुसून बसली होतीस. सकाळी मी काय बोलले होते ते तुलाही आठवतंय, मलाही. त्याचा इथे काही संबंध नाही.

चार पोरांना अंधारात एकटं ठेवून मी तुझ्यासाठी बाहेर आले. दुसऱ्यांची पोरं! त्यांना काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडानं गावात राहिले असते? तरी आले. तुला दंडाला धरून ओढलं, हे खरं. केसही हातात आले असतील. कुत्रं तुझ्या हातातून सुटून पळालं. तू त्याच्यामागे निघालीस, मी तुला उचलून पायऱ्यांवरून खाली टाकलं आणि दार ओढलं. कडी बसेना, वारा दार उचलत होता. म्हणून एक हात कडीत अडकवून दाराला पाठ लावून बसले. तू नखं मारत होतीस ती दारावर नाही, माझ्या खांद्यावर. ते ओरखडे मी कोणाला दाखवले नाहीत.

तू ओरडत होतीस, "सोड मला, तो मरेल!" मी म्हटलं, "मरू दे." होय, म्हटलं. आज त्याच जागी असते तरी तेच म्हटलं असतं.

वर आलो तेव्हा शेड नव्हती. पाया तेवढा उरला होता. तू तिथे असतीस, तर आठ कॉलेजांना निबंध कोणी लिहिले असते?

कुत्रं गेलं. वादळात कुत्री जातात.

आता ऐक. मीही लिहिलंय. एकच पत्र, आठ कॉलेजांना. जेवणाच्या टेबलावर त्यांची चकचकीत माहितीपत्रकं अजून पडलेलीच आहेत, पत्ते त्यांवरच होते. "या मुलीनं तुम्हाला पाठवलेला तळघराचा निबंध खोटा आहे. ते तळघर कोंडायचं नव्हतं, जीव वाचवायचं होतं. सोबत बालकल्याण खात्याचा निकाल जोडला आहे." वर कॉलेजचं नाव तेवढं बदललं. तुझ्याकडूनच शिकले.

तुझा बाप म्हणाला, "डार्ला, जाऊ दे ना. पोर आहे ती."

मी म्हटलं, "ती पोर आहे, तर माझी पोरं कुठे गेली? जा, रिकाम्या पलंगांना विचार."

टपालपेटीपर्यंत मी एकटीच गेले.

डार्ला


विचिटा, कॅन्सस
१९ मार्च

डार्ला,

एक वाक्य दाखव. एक, जे खोटं आहे. ओढलंस? ओढलंस. ढकललंस? ढकललंस. दाराला पाठ लावून बसलीस, मी ओरडले, तू सोडलं नाहीस. तूच कबूल केलंस, तुझ्याच अक्षरात. निबंधाला शब्दांची मर्यादा असते. काहीतरी गाळावं लागतं. मी वादळ गाळलं.

प्रुइट बाईंनीच पहिल्या दिवशी वर्गात सांगितलं होतं, "आयुष्यातली एकच घट्ट गोष्ट धरा आणि प्रत्येक प्रश्नाला तीच वळवून वापरा." बाकीच्यांकडे काय होतं? कोणाची फुटबॉलची टीम, कोणाची मेलेली आजी. माझ्याकडे तू होतीस.

आणि "त्याचा इथे काही संबंध नाही" म्हणे! सकाळी तू काय म्हणालीस ते का गाळलंस? मी लिहिते. वॅफलनं तुझ्या पाळणाघरातल्या एका कार्ट्यावर दात विचकले, चावलाही नव्हता, आणि तू म्हणालीस, "हे कुत्रं आता या घरात राहणार नाही." आणि संध्याकाळपर्यंत राहिलं नाही. तुझ्या मनासारखं झालं. वाऱ्यानं तुझं काम केलं.

तो माझ्या आईनं आणलेला कुत्रा होता. ती गेली तेव्हा तो माझ्या पायाशी झोपायला लागला. हे तुला माहीत होतं. तुझ्या डोळ्यात एक थेंब पाणी तरी आलं का? दुसऱ्या दिवशी तू पोरांना पॅनकेक करून घातलेस.

पाठवलीस पत्रं? आठ कशाला, ऐंशी पाठव. तू मला एकदा कोंडलंस ते माझ्या भल्यासाठी होतं असं सगळे म्हणतात. आता कोणाच्या भल्यासाठी चाललंय?

पॅनकेक छान झाले होते, एवढंही लिहून ठेव तुझ्या पुढच्या पत्रात.

शेल्बी


बॅरो क्रीक
१६ एप्रिल

शेल्बी,

तुझ्या मावशीचा फोन आला, आणि या खेपेला तिला मीच हवी होते.

"बाई आहेस की कोण आहेस तू?" ती एवढ्या जोरात ओरडली की मी फोन टेबलावर ठेवला, तरी ऐकू येत होतं. "सगळीकडून नकार! तिघांनी तर चक्क विचारणा केली, आणि पोरगी उत्तर देत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडलीय. वेलरनं दिलेली जागासुद्धा काढून घेतली! कसली सावत्र आई गं तू?"

"कोणत्या निबंधातली विचारतेस?" मी म्हटलं. "धैर्यवाल्या की क्षमावाल्या?"

तिनं फोन आपटला.

मी गोड पीकन पाय भाजला. सणाशिवाय मी करत नाही. खिडकीशी उभी राहून एकटीनं दोन तुकडे खाल्ले. मला बरं वाटलं, शेल्बी, आणि मी ते लपवणार नाही. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा घास गोड लागला.

तू म्हणतेस एक वाक्य खोटं दाखव. वाक्यं घेऊन काय करू मी? मागच्या आठवड्यात दुकानात तेरेसा समोर आली. तिच्या थोरल्याला त्या दिवशी मी काखेत मारून तळघरात नेलं होतं, रांगणारा तोच. धाकटी नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे होती. मला बघून तेरेसानं सामानाची ढकलगाडी फिरवली आणि दुसऱ्या रांगेत शिरली. तिथे नुसतं कुत्र्या-मांजरांचं खाणं आहे, तिच्या घरी मांजर नाही. मी पलीकडे उभी राहून तिच्या गाडीच्या चाकाचा आवाज ऐकत राहिले. ती मी जाण्याची वाट बघत होती.

तुझ्या कुठल्या वाक्यात आहे हे?

तुझ्या बापाला जेवताना सांगितलं, वेलरचंही गेलं म्हणून. त्यानं काटा खाली ठेवला. "वेलरचं का?" म्हणाला. "ते तर इथलंच आहे. तासाभराच्या वाटेवर. ते कशाला?"

"आठांत ते होतं," मी म्हटलं.

तो उठला आणि बाहेर जाऊन ट्रकचे टायर तपासत बसला. टायर ठीक होते. गेल्याच महिन्यात बदललेत.

तर झालं. तू माझं घर रिकामं केलंस, मी तुझी बॅग रिकामी केली. यापुढे मला तुझ्याशी काही बोलायचं नाही.

डार्ला


बॅरो क्रीक
२७ मे

शेल्बी,

बोलायचं नाही म्हटलं होतं. प्रुइट बाई येऊन गेल्या.

मी त्यांना कॉफी विचारली नाही. ज्या खुर्चीत खात्याची बाई बसली होती तीच पुढे केली. त्या पर्स मांडीवर धरून बसल्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारख्या.

"नियमानं मी हे तुम्हाला सांगायला नको," म्हणाल्या.

"मग नका सांगू."

"वेलरनं शाळेकडे खुलासा मागितला, म्हणून मी तिचा तिथला निबंध पहिल्यांदा वाचला. तो तिनं मला दाखवलाच नव्हता. तुम्ही वाचलाय?"

"एक ऐकला की आठ ऐकले."

"नाही हो, डार्ला. तो वेगळा आहे."

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. तशीच राहिले.

त्यांनी सांगितलं. वेलरचा अर्ज बाकीच्यांपेक्षा निराळा असतो, प्रश्नही निराळा. आमच्याकडेच का यायचंय, एवढाच. तू लिहिलंस की तुला जनावरांची डॉक्टर व्हायचंय आणि ते शिकवणारी ती एकच जागा तुला घराजवळ दिसली. तळघर त्यातही होतं. पण भोंगा होता, हिरवं आभाळ होतं, चार पोरं होती. मी बाहेर आले ते होतं. आणि पुढे संध्याकाळचं होतं. ते बाईंना जवळजवळ पाठ झालं होतं. तू खिडकीत उभी होतीस, आणि बाहेर आडव्या पडलेल्या गव्हातून एक बाई एक हात छातीशी धरून फिरत होती, अंधार पडेपर्यंत, कुत्र्याला हाका मारत. ज्याला सकाळी घालवून द्यायला निघाली होती त्यालाच.

मी विचारलं, "तिनं ते पाहिलं?"

"पाहिलं म्हणूनच लिहिलं असेल ना," त्या म्हणाल्या.

मनगट मोडलं होतं माझं, दार धरताना. तुझ्या बापाला मी पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. गव्हात गेले होते हे कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता, कुत्रं मिळालं नाही. रिकाम्या हातानं येऊन कोणाला सांगायचं की मी शोधलं?

बाई म्हणाल्या, "मी शेल्बीला फोन केला होता. म्हटलं, वेलरला लिही, तुझा तो निबंध खरा आहे. ती म्हणाली, राहू द्या. डार्ला जिंकली."

त्या गेल्यावर मी इतकी चिडले की आपटलेलं कपाटाचं दार निखळलं. तुझ्यावरच चिडले. तुला माहीत होतं! तू सगळं पाहिलं होतंस, आणि तरी मार्चमध्ये मला विचारतेस, डोळ्यात थेंब आला का? सात ठिकाणी मला राक्षसीण करून विकलंस, आणि जिथे खरं लिहिलंस तिथलं कोणाला दाखवलं नाहीस. मला तर नाहीच. एक ओळ, शेल्बी! त्या पत्रात एक ओळ लिहिली असतीस, की वेलरला लिहू नकोस, तिथलं वेगळं आहे.

पण ते पत्र येईपर्यंत माझं टपालात पडलं होतं. आणि तू लिहिलं असतंस तरी मी ऐकलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

सात ठिकाणचं मी मागे घेणार नाही. आजही तीच पत्रं पाठवीन. वेलरचं मला माहीत नव्हतं.

डार्ला


बॅरो क्रीक
९ जून

शेल्बी,

मंगळवारी वेलरला जाऊन आले. फोनवर ते लोक नुसतं थांबायला लावतात आणि गाणी ऐकवतात, म्हणून पिकअप काढली आणि गेले. तुझा बाप येतो म्हणाला. मी नको म्हटलं. त्याच्यासमोर मला हे बोलायचं नव्हतं.

प्रवेशाचं बघणाऱ्या लँडिस बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. चष्मा गळ्यात लोंबतो. माझं मार्चमधलं पत्र त्यांच्या पुढ्यात होतं.

"तुम्हीच लिहिलंत हे?"

"मीच."

"यात म्हटलंय, तळघराचा निबंध खोटा आहे."

"तुमच्याकडच्या निबंधात वादळ आहे?"

"आहे. म्हणून तर आम्हाला कळेना. तुम्ही म्हणता, तिनं जीव वाचवणारं तळघर कोंडायचं करून दाखवलं. पण इथे ती जीव वाचवल्याचंच लिहितेय. आम्ही तिला विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. शाळेचा खुलासा आला तोवर जागा गेलेली होती."

"मग तो खरा आहे," मी म्हटलं. "अक्षरन् अक्षर."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "न वाचताच लिहिलंत तुम्ही?"

"एक ऐकला होता."

"आणि सगळ्यांना हेच पत्र पाठवलंत?"

"नाव बदलून."

त्या नुसत्या बघत राहिल्या. मला राग आला. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे असं बघायचं काम नाही. त्या पोरीनं माझं पाळणाघर बुडवलं, ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. ती गोड आहे असं सांगायला मी आलेले नाही. पण ती मेलेल्या कुत्र्यासाठी चार वर्षं माझ्याशी भांडतेय. जनावरांचं शिकवायला तिच्यापेक्षा चांगलं कोण हवंय तुम्हाला?"

बाहेर बसलेल्या दोन मुली वळून बघायला लागल्या, इतका माझा आवाज चढला होता.

तर निकाल असा. ऑगस्टच्या जागा भरल्यात, त्यात काही होणार नाही. जानेवारीत घेतील. पण अट आहे. बाकी सात ठिकाणी काय लिहिलंस आणि का, ते तू तुझ्या हातानं त्यांना लिहून द्यायचं. मी म्हटलं, ती देणार नाही, हट्टी आहे. लँडिस बाई म्हणाल्या, "ते तिला ठरवू द्या." माझ्याकडूनही लिहून घेतलं, की वेलरबद्दलचं माझं म्हणणं चूक होतं. मी लिहिलं. सही केली.

येताना वाटेत थांबून बर्गर खाल्ला. तो वाईट होता.

तुला माफी हवी असेल तर ती इथे नाही. वेलरच्या बाबतीत माझी चूक झाली, ती मी जिथे केली तिथे जाऊन निस्तरली. तू माझं जे केलंस ते अजून तसंच पडलंय. आता लिहून द्यायचं की भिंतीकडे तोंड करून पडायचं, ते तुझं तू बघ.

डार्ला


विचिटा
६ सप्टेंबर

डार्ला,

मी लिहून दिलं. तीन वेळा फाडलं, चौथं पाठवलं. लँडिस बाईंचं उत्तर आलं. जानेवारीत जातेय.

त्या पानात मी काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की ते फक्त वेलरसाठी लिहिलंय आणि दुसरीकडे कुठे वापरता येणार नाही.

इथे मी जनावरांच्या एका दवाखान्यात काम करते. पिंजरे धुते, कुत्र्यांना फिरवते. मावशीला आवडत नाही, म्हणते कपड्यांना वास येतो. येतो.

तू वेलरला गेलीस हे बाबानं सांगितलं, तुझं पत्र यायच्या आधीच. मला पहिल्यांदा खूप संताप आला. तू पत्रं पाठवून सोडून दिलं असतंस तर बरं झालं असतं. मला सरळ तुझा द्वेष करता आला असता. आता मला तुझं देणं लागल्यासारखं झालं, आणि तुझं देणं मला नकोय.

म्हणून गेल्या आठवड्यात मी फोन केले. तुझ्या पाळणाघरातल्या सगळ्या पोरांच्या आयांना. बाबाकडून नंबर घेतले. कोणी उचलला नाही त्यांना परत केला. प्रत्येकीला तेच सांगितलं. "मी शेल्बी. त्या दिवशी टोर्नेडो होता. डार्लानं मला ओढून आत नेलं नसतं तर मी मेले असते. हे मी माझ्या निबंधात मुद्दाम लिहिलं नव्हतं." एवढंच. कोणासाठी शेवट बदलला नाही.

एकीनं फोन ठेवून दिला. एक म्हणाली, आता दुसरीकडे घातलंय, बरं चाललंय. एक खूप वेळ रडली, मला कळेना काय करावं. तेरेसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तिला दुकानात बघून रस्ता बदलला होता."

मी म्हटलं, "हो, ती विसरलेली नाही."

मला आभाराचं पत्र लिहू नकोस. मी नाताळला घरी येणार नाही. मी तुला माफ केलंय असंही समजू नकोस, अजून बरंच राहिलंय आणि ते मी समोरासमोर बोलणार आहे, कधीतरी, तू ओरडणार नसशील तेव्हा.

तेरेसा सोमवारी सकाळी धाकटीला तुझ्याकडे आणणार आहे. नक्की येईल. त्या मुलीला उन्हाळ्यापासून शेंगदाण्याचं काही चालत नाही, ओठ सुजतात. मला तिनं दोनदा बजावून सांगितलं, म्हणून मी तुला सांगतेय.

शेल्बी